गॉथमच्या माणसांना सत्य पेलले नसते का?

जुलै २००८ मध्ये ‘द डार्क नाइट’, ख्रिस्तोफर नोलन यांच्या बॅटमॅन-त्रयीतला दुसरा चित्रपट, मी मुंबईत रात्रीच्या शेवटच्या खेळाला पाहिला. बाहेर पाऊस कोसळत होता, थिएटर शिगोशिग भरले होते आणि अडीच तास कोणी जागचे हलले नव्हते. शेवटच्या दृश्यात बॅटमॅन दुसऱ्याने केलेले खून स्वतःच्या माथी घेऊन पळत सुटतो, पोलिसांची कुत्री त्याच्या मागे लागतात, पोलीस आयुक्त गॉर्डनचा आवाज घुमत राहतो आणि पडदा काळा होतो. त्या काळ्या पडद्यावर चित्रपटाचे नाव उमटले तेव्हा सगळ्या थिएटराने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. नायकाने स्वतःची अब्रू पणाला लावून शहर वाचवले, एवढेच त्या क्षणी मला दिसत होते.

त्यानंतर हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे आणि दरवेळी तो शेवट मला अधिकाधिक अस्वस्थ करत गेला आहे. पहिल्या वेळी जोकर या खलनायकाचे भय वाटले होते. आज मला खरे भय वाटते ते दोन भल्या माणसांचे, ज्यांनी एका मृतदेहाशेजारी उभे राहून दोन मिनिटांत असे ठरवले की शहराला खरे काय घडले ते सांगायचे नाही, कारण शहराला ते सोसणार नाही. राज्य चालवणाऱ्यांनी लोकांच्याच भल्यासाठी लोकांपासून सत्य लपवावे का, हा प्रश्न काही एका काल्पनिक शहरापुरता नाही. या चित्रपटाने त्याचे उत्तर ‘हो’ असे दिले, ते इतक्या देखण्या रीतीने दिले की आपण उभे राहून त्याला दाद दिली, आणि ते उत्तर चुकीचे आहे असे माझे ठाम मत आहे.

चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी माझे काहीच गाऱ्हाणे नाही, हे आधी सांगायला हवे. दिग्दर्शक नोलन यांनी गॉथम हे बॅटमॅनचे काल्पनिक शहर उभे केले ते शिकागोच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर, त्यामुळे ते कार्टूनमधले शहर न वाटता कामावरून घरी जाणाऱ्या माणसांचे शहर वाटते. आयमॅक्स कॅमेऱ्यांनी काही प्रसंग चित्रित केलेला हा पहिला मोठा कथापट होता. जोकर साकारणारा हीथ लेजर चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सहा महिने आधी, २२ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला; पुढच्या वर्षी त्याला मिळालेले ऑस्कर त्याच्या आईवडिलांनी आणि बहिणीने स्वीकारले. त्याचे काम पाहताना आजही अंगावर काटा येतो. माझा वाद चित्रपट ज्या निर्णयाला शौर्य म्हणतो त्याच्याशी आहे, आणि वाद घालावासा वाटतो तो चित्रपट चांगला आहे म्हणूनच. सुमार चित्रपटाच्या शेवटाने कोणाचे मत बनत नाही.

हार्वी डेंट हा गॉथमचा जिल्हा सरकारी वकील. तो निवडून आलेला आहे, चेहरा उघडा ठेवून लढतो आणि ५४९ गुन्हेगारांना एकाच खटल्यात एकाच वेळी कोर्टात उभे करतो. ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनला, त्याच्यात स्वतःची सुटका दिसते: कायद्याच्या मार्गाने हे काम करणारा माणूस मिळाला, म्हणजे आता मुखवट्याची गरज उरली नाही. या डेंटच्या तोंडी सुरुवातीलाच, एका रेस्तराँतल्या जेवणाच्या टेबलावर, एक विचार येतो. शत्रू वेशीपाशी आला की रोमन लोक लोकशाही बाजूला ठेवून शहराचे रक्षण एका माणसावर सोपवत, आणि त्या माणसाला तो मान न वाटता लोकसेवा वाटे, असे तो सांगतो. समोर बसलेली त्याची मैत्रीण रेचेल त्याला तिथल्या तिथे आठवण करून देते की अशा रीतीने नेमलेला शेवटचा माणूस सीझर होता आणि त्याने सत्ता परत दिलीच नाही. म्हणजे माझा आक्षेप चित्रपटाला ठाऊक नव्हता असे नाही. पहिल्या अर्ध्या तासातच, एका समंजस बाईच्या तोंडून, दोन वाक्यांत तो मांडला गेला आहे. पुढे रेचेल मरते आणि तिच्याबरोबर तो आक्षेपही चित्रपटातून नाहीसा होतो.

लपवाछपवीची सुरुवात शेवटच्या रात्री होत नाही, ती त्याआधीच झालेली असते. जोकरच्या टोळीतला एक मनोरुग्ण डेंटच्या हाती लागतो. डेंट त्याला एका अंधाऱ्या गल्लीत नेतो, त्याच्या कपाळाला पिस्तूल लावतो आणि नाणे उडवत त्याच्या जिवाशी खेळतो. बॅटमॅन येऊन त्याला थांबवतो, हे योग्यच. परंतु तो डेंटला बजावतो ते असे की हे कोणी पाहिले तर आजवरचे सगळे काम पाण्यात जाईल. एका आजारी माणसाचा छळ झाला, तो निवडून आलेल्या सरकारी वकिलाने केला, आणि त्याविषयी पुढे काहीही घडत नाही. त्याच वेळी डेंटला कोणी जाब विचारला असता, तर तो पुढे ज्या वाटेने गेला त्या वाटेवर त्याला एकदा तरी कोणीतरी अडवले असते.

आता त्या फेरीबोटींकडे वळतो, कारण माझ्या मते संपूर्ण चित्रपटाचा प्राण तिथे आहे. शहर सोडून निघालेल्या दोन बोटी काळोख्या पाण्यात थांबलेल्या आहेत. एकीत सामान्य प्रवासी आहेत, दुसरीत डेंटने गजाआड केलेले कैदी. दोन्ही बोटींच्या तळाशी जोकरने लावलेली स्फोटके आहेत आणि प्रत्येकीला समोरची बोट उडवण्याचे बटण दिलेले आहे. मध्यरात्रीपर्यंत कोणीच बटण दाबले नाही तर दोन्ही बोटी उडतील. प्रवाशांच्या बोटीवर मतदान घेतात. चिठ्ठ्या वाटल्या जातात, कोणी गुडघ्यावर ठेवून लिहितो, कोणी शेजाऱ्याला दिसू नये म्हणून हाताचा आडोसा करतो. मोजणी होते: विरोधात १४०, बाजूने ३९६. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी, चिठ्ठीवर, समोरच्या शेकडो माणसांना मारायला संमती दिली.

तरीही बटण दाबायला कोणी पुढे होत नाही. अखेर सुटाबुटातला एक मनुष्य उठतो, कोणालाच हात मळवायचे नाहीत तर मी करतो असे म्हणतो आणि ते यंत्र हातात घेतो. कॅमेरा त्याच्या हातावर थांबतो. ज्याने आयुष्यात फायलींवर सह्याच केल्या असाव्यात असा तो हात आहे. तो हात थरथरतो, क्षणभर अधांतरी राहतो, मग यंत्र पेटीत परत ठेवतो, आणि तो मनुष्य कोणाच्याही नजरेला नजर न देता जागेवर जाऊन बसतो. दुसऱ्या बोटीवर एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्यासमोर उभा राहतो. ते माझ्याकडे द्या, मी बळजबरीने हिसकावले असे हवे तर सांगा, दहा मिनिटांपूर्वी तुम्ही जे करायला हवे होते ते मी करतो, असे तो म्हणतो. अधिकारी ते त्याच्या हाती देतो आणि कैदी ते खिडकीतून पाण्यात फेकून देतो. मग तो आपल्या सोबत्यांमध्ये परत जाऊन बसतो. इतक्या वर्षांनंतरही हे दृश्य पाहताना माझे डोळे भरून येतात आणि ते लपवावेसे मला वाटत नाही.

या प्रसंगात एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले मी पाहिले नाही. बोटीवरच्या माणसांना सगळे ठाऊक होते. स्फोटके कुठे आहेत, बटण कोणाकडे आहे, किती वेळ उरला आहे, समोर कोण आहे, यातले काहीही त्यांच्यापासून झाकलेले नव्हते. माणसाला कळू शकेल तेवढे भयंकर सत्य त्यांना एकदम सांगितले गेले होते. ते घाबरले, रडले, चिठ्ठीवर चुकीचे मत देऊन बसले, आणि प्रत्यक्ष कृतीची वेळ आली तेव्हा योग्य वागले. गॉथमच्या माणसांना सत्य पेलते की नाही याची परीक्षा चित्रपटातच, आपल्या डोळ्यांदेखत झाली आणि त्यात ती माणसे उत्तीर्ण झाली.

बॅटमॅनला हे दिसते. उंच इमारतीवर जोकरला जेरबंद केल्यावर तो त्याला हेच सुनावतो की या शहराने आत्ताच दाखवून दिले आहे की चांगुलपणावर विश्वास ठेवायला तयार असलेली माणसे इथे भरलेली आहेत. त्यावर जोकरचे उत्तर असे की त्यांची हिंमत पुरती खचेपर्यंतच हे टिकेल, खऱ्या हार्वी डेंटला पाहिले की ती खचेल. इथे बॅटमॅनच्या हाती पुरावा आहे आणि जोकरच्या हाती केवळ एक भाकीत. तरीही जेमतेम काही मिनिटांनी, रेचेलच्या मृत्यूनंतर खुनी बनून मेलेल्या डेंटच्या मृतदेहापाशी, बॅटमॅन त्या भाकिताला मान देतो. गॉर्डन म्हणतो की पाच माणसे मेली आहेत, त्यांत दोन पोलीस आहेत, हे झाकता येणार नाही. बॅटमॅन म्हणतो की जोकरला जिंकू द्यायचे नाही, खून माझ्या नावावर घाला. आणि असे म्हणताना तो जोकरचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारून बसतो: ही माणसे आतून इतकी पोकळ आहेत की एका नायकाचे पतन कळले तर ती कोसळतील. कैद्याने यंत्र पाण्यात फेकले त्याला अर्धा तासही झालेला नसतो.

याला दिले जाणारे सर्वांत वजनदार उत्तर मी टाळणार नाही. डेंट खुनी ठरला असता तर त्याने उभे केलेले सगळे खटले ढासळले असते आणि शेकडो गुन्हेगार रस्त्यावर मोकळे फिरले असते, असे हे उत्तर आहे. ते ऐकायला बिनतोड वाटते, पण विचार केला की सैल पडते. डेंटने खून केले ते चेहरा जळाल्यानंतर आणि रेचेल गेल्यानंतर, दुःखाने वेड्या झालेल्या अवस्थेत. त्या ५४९ जणांविरुद्धचा पुरावा, साक्षी, पैशांचे हिशोब हे सारे त्याआधीचे होते. त्यातले काय टिकते आणि काय टिकत नाही हे ठरवण्यासाठीच न्यायालये असतात. डेंटच्या वर्तनामुळे काही खटल्यांवर खरोखरच सावली पडत असेल, तर ते जाणून घेण्याचा पहिला हक्क आरोपींचाच होता. आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाने दडवून ठेवणे हा त्याच्या न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रॅडी विरुद्ध मेरिलँड या खटल्यात १९६३ सालीच सांगून ठेवले आहे. गुंडांनाही हा हक्क असतो. तो गुंडांना नसेल तर कोणालाच नाही. गॉर्डन आणि बॅटमॅन यांनी लोकांच्या मनोधैर्याबरोबर न्यायाधीशांच्या विवेकावरही अविश्वास दाखवला, आणि कायद्याचे राज्य वाचवण्यासाठी कायद्यालाच अंधारात ठेवले.

शिवाय असे खोटे दोघांतच राहील हा भ्रम आहे. गुन्हेगारांना फितूर झालेली पोलीस अधिकारी रामिरेझ त्या रात्री डेंटच्या तावडीत सापडलेली असते. नाण्याने तिच्या बाजूने कौल दिल्यामुळे ती वाचते. पिस्तूल कोणाच्या हातात होते हे तिला पक्के ठाऊक आहे. म्हणजे ज्या बाईने पैशांसाठी रेचेलला मरणाच्या हवाली केले, तिच्या हातात पोलीस आयुक्ताची मान आली. चित्रपट याविषयी अवाक्षर काढत नाही. मला मात्र वाटते की खऱ्या आयुष्यात अशा उदात्त गुपितांचे पुढे जे होते ते नेमके हेच: ते सर्वांत भ्रष्ट माणसाच्या हातातले हत्यार बनते, आणि प्रामाणिक माणूस त्याच्यासमोर मान खाली घालून बसतो.

शेवटची दोन-तीन मिनिटे आता पुन्हा डोळ्यांसमोर आणू या. गॉर्डनचे बोलणे चालू असताना काही दृश्ये झरझर येऊन जातात. ब्रूसचा जुना सेवक आल्फ्रेड रेचेलने ब्रूससाठी लिहिलेले पत्र जाळतो, म्हणजे तिने डेंटची निवड केली होती हे ब्रूसला कधीच कळू नये. गॉर्डन कुऱ्हाडीने बॅटमॅनला बोलावण्याचा दिवा फोडतो. आणि बॅटमॅनची यंत्रे सांभाळणारा लुशियस फॉक्स आपले नाव टाइप करतो, त्याबरोबर भिंतभर पसरलेले ते यंत्र ठिणग्या उडवत मोडून पडते. फॉक्स समाधानाने हसतो. आपणही सुटकेचा श्वास सोडतो, कारण गॉथममधल्या प्रत्येक माणसाचा फोन मायक्रोफोन बनवणारे ते यंत्र पाहून याच फॉक्सने, तीन कोटी माणसांवर हेरगिरी करणे माझ्या कामात बसत नाही, असे निक्षून सांगितले होते.

परंतु यंत्र मोडले म्हणजे पुरावाही मोडला, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले. त्या तीन कोटी माणसांतल्या एकालाही कधी कळणार नाही की आपल्या घरातले बोलणे कोणीतरी ऐकत होते. त्यांना संतापण्याची संधी नाही, माफ करण्याची नाही, पुन्हा असे होऊ नये म्हणून नियम करून घेण्याचीही नाही. यंत्र चालू करताना त्यांना कोणी विचारले नाही आणि बंद केल्यावर कोणी सांगितले नाही. पत्र, यंत्र आणि डेंटचे खून, या तिन्ही ठिकाणी एक वडीलधारा माणूस दुसऱ्याच्या वतीने ठरवतो की याला हे न कळलेलेच बरे. आल्फ्रेडची माया मी समजू शकतो, कारण घरात आपणही कधीतरी असे करतो. शहर हे घर नव्हे आणि नागरिक ही लेकरे नव्हेत.

हे यंत्र त्या काळी निव्वळ कल्पना नव्हते. अमेरिकेचे सरकार न्यायालयाच्या परवानगीशिवाय संभाषणे ऐकत असल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २००५ मध्ये उघड केले होते. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या बरोबर आठ दिवस आधी, १० जुलै २००८ रोजी, अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी परकीय हेरगिरीविषयक कायद्यातील दुरुस्तीवर सही केली. तिने पाळतीची व्याप्ती वाढवली आणि सरकारला साथ देणाऱ्या दूरसंचार कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण दिले. चित्रपट लागल्यावर आठवडाभरात, २५ जुलैला, वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये अँड्र्यू क्लाव्हन या कादंबरीकाराचा लेख आला. बॅटमॅन म्हणजे बुशच, आणीबाणीत नागरी हक्कांच्या सीमा त्याला ओलांडाव्या लागतात आणि संकट टळल्यावर त्या पुन्हा आखून देण्याची त्याला खात्री असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला त्या लेखाचे ऋण मान्य करावेसे वाटते, कारण चित्रपट जे सुचवून सोडतो ते त्यांनी उघडपणे लिहून टाकले.

आणि ते चुकीचे ठरले. चित्रपटातले यंत्र एका नावासरशी मोडले. प्रत्यक्षातला कायदा मोडला नाही. त्याला मुदत घातलेली होती, ती २०१२ मध्ये वाढवली, २०१८ मध्ये वाढवली, २०२४ मध्ये पुन्हा वाढवली. मधल्या काळात अध्यक्ष बदलले, पक्ष बदलले. त्या कायद्याखाली प्रत्यक्षात काय चालते याचा मोठा भाग लोकांना कळला तो जून २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेन या तरुण तंत्रज्ञाने गुप्त कागदपत्रे पत्रकारांच्या हाती दिली तेव्हा. सीमा परत आखून देणारा बॅटमॅन कुठेच आला नाही. ज्या थोड्याफार सीमा आखल्या गेल्या, त्या लोकांना कळल्यामुळे, त्यांनी प्रश्न विचारल्यामुळे आखल्या गेल्या.

मी मुंबईकर प्रेक्षक आहे आणि त्या चित्रपटानंतर चारच महिन्यांनी माझ्या शहरावर जे कोसळले त्याचा विचार वगळून मला या विषयावर लिहिता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी पकडून धरली. त्यांच्या शरीरात गोळ्या शिरत असतानाही त्यांनी ती सोडली नाही. ओंबळे गेले आणि कसाब जिवंत सापडला. तो जिवंत सापडला म्हणूनच तो कोठून आला, त्याला कोणी शिकवले, कोणत्या मार्गाने आणले हे न्यायालयात, साक्षीपुराव्यानिशी मांडता आले. त्या दिवसांत, खटला कशाला हवा, चौकात नेऊन गोळी घाला, असे म्हणणारी माणसे मला लोकलमध्ये रोज भेटत आणि त्यांच्या संतापाशी मला भांडता येत नसे, कारण माझ्याही मनात तो होता. तरीही खटला चालला. त्याला वकील मिळाला, मे २०१० मध्ये शिक्षा झाली, उच्च न्यायालय झाले, सर्वोच्च न्यायालय झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. फाशीच्या शिक्षेविषयी मतभेद असू शकतात, माझ्याही मनात शंका आहेत. परंतु सत्य उघड्यावर आल्यामुळे मुंबई कोसळली नाही. आपले अधिकारी कुठे गडबडले, निरोप कुठे अडले, बंदुका किती जुन्या होत्या, हे सगळे आम्ही वाचले, चिडलो, हळहळलो आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेलो.

उलट जे लपवले गेले त्यानेच अधिक नुकसान केले. त्या रात्रीच्या पोलिसी कारवाईची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीचा अहवाल राज्य सरकारच्या हाती २००९ च्या एप्रिलमध्ये आला. विधिमंडळासमोर तो आला डिसेंबरमध्ये, तोही वर्तमानपत्रांतून फुटल्यानंतर. त्या आठ महिन्यांत ज्यांची माणसे गेली होती त्यांना काय वाटले असेल? कुठल्याही अहवालातल्या सर्वांत कठोर वाक्यानेही एवढा संशय पेरला नसता, जेवढा त्या अहवालाच्या गप्प राहण्याने पेरला.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरतो, पण त्यामागचा हिशोब विसरतो. द्रोणाचार्यांना थोपवण्यासाठी भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, आणि युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा मेला’ एवढे मोठ्याने सांगून हत्तीचा शब्द तोंडातल्या तोंडात उच्चारला. युद्ध जिंकायचे होते, हेतू न्यायाचा होता, सल्ला देणारे साक्षात कृष्ण होते. तरी जमिनीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, आणि अखेरीस स्वर्गाच्या दारात पोचल्यावर त्याच कपटापायी त्याला नरक पाहावा लागला. व्यासांनी खोटे बोलायला लावले, पण त्याची किंमत त्याच पानावर नोंदवली. ते खोटेही शत्रूशी, रणांगणावर बोललेले होते. गॉर्डनचे खोटे स्वतःच्या लोकांशी, स्मृतिसभेच्या व्यासपीठावरून बोललेले आहे, आणि त्याचा रथ मात्र शेवटच्या दृश्यात आणखी चार बोटे वर उचललेला दाखवला आहे. पार्श्वसंगीत, अंधार, धावणारी मोटरसायकल, सगळे त्याला उचलून धरते. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या या उचलण्याला.

नोलन यांनाही हे पुढे खुपले असावे असे मानायला जागा आहे. २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात आठ वर्षे उलटली आहेत. डेंटच्या नावाने कायदा झाला आहे, त्याखाली हजारभर माणसे ब्लॅकगेट तुरुंगात आहेत, दरवर्षी डेंटच्या स्मरणार्थ दिवस पाळला जातो, आणि गॉर्डनच्या खिशात खरे सांगणारे भाषण घडी करून ठेवलेले आहे जे वाचायचा धीर त्याला होत नाही. ते भाषण अखेर लोकांना ऐकू येते ते बेनच्या तोंडून, तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या एका निर्दय माणसाच्या तोंडून, आणि तुरुंगाची दारे फोडण्यासाठीच. गॉर्डनने ते स्वतः, वेळेवर, शोकसभेत वाचले असते तर बेनच्या हाती काय उरले असते? ब्लेक नावाचा तरुण पोलीस, जो त्याला दैवत मानत आला, तो त्याला तोंडावर सांगतो की तुमचेही हात मळलेलेच दिसतात. तिसरा भाग दुसऱ्याइतका बांधीव नाही, पण तेवढ्या एका प्रसंगासाठी मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. दुर्दैव असे की लोकांच्या लक्षात राहिला तो दुसऱ्या भागाचा शेवट, आणि भिंतींवर, टी-शर्टांवर आजही तोच शेवट मिरवतो.

त्या शेवटात एक पात्र आहे ज्याच्याविषयी मी अलीकडे वारंवार विचार करतो. गॉर्डनचा लहान मुलगा. काही क्षणांपूर्वी डेंटने त्याच्या डोक्याला पिस्तूल लावून नाणे उडवलेले असते. बॅटमॅनने त्याला वाचवलेले असते, हे सगळे त्याने स्वतः अनुभवलेले असते. बॅटमॅन पळू लागतो तेव्हा तो बापाला विचारतो की तो का पळतो आहे. त्याचा पाठलाग करावा लागणार म्हणून, असे बाप सांगतो. त्याने काही चुकीचे केलेले नाही, असे मुलगा म्हणतो. संपूर्ण गॉथममध्ये त्या रात्री सरळ आणि खरे असे एवढेच एक वाक्य उच्चारले गेले, आणि त्यावर बापाने उत्तर म्हणून त्याच्या हाती एक भाषण दिले.

उद्यापासून या मुलाने शाळेत जायचे आहे. वर्गात डेंटची थोरवी शिकवली जाईल, बॅटमॅनला खुनी म्हटले जाईल आणि त्याने गप्प बसायचे आहे. तिसऱ्या भागात आपल्याला ओझरते कळते की गॉर्डनची बायको मुलांना घेऊन क्लीव्हलँडला निघून गेली. मुलगा पुन्हा पडद्यावर येत नाही. बेनने ते भाषण वाचले तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा झाला असेल आणि कुठल्यातरी परक्या शहरात, टीव्हीसमोर बसून, स्वतःला आठ वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलेली ऐकत असेल.